निराशा आली तरी मन कडू होऊ नये म्हणून काय करायचं? ख्रिस्ती परंपरेचं उत्तर

मानखुर्द स्टेशनबाहेर पडून लल्लूभाई कंपाउंडकडे गेलं की एकसारख्या इमारतींच्या रांगा दिसतात. रेल्वेरुळांलगतच्या झोपड्या हटवल्या तेव्हा तिथल्या बऱ्याच कुटुंबांना इथे घरं मिळाली. पक्कं घर मिळालं ही आनंदाचीच गोष्ट. पण घरकामाची चार घरं, मुलांची शाळा, उधारीवर सामान देणारा वाणी, हाकेला धावणारे शेजारी, हे सगळं जुन्या जागी राहिलं. वर्षानुवर्षं ज्यासाठी प्रार्थना केली ते हातात आलं आणि तरी मन खट्टू झालं, असं होऊ शकतं. मागितलेलं मिळालंच नाही, हे तर त्याहून नेहमीचं. नोकरी शेवटच्या मुलाखतीत जाते, ठरलेलं लग्न मोडतं, भावाने घराचे कागद परस्पर आपल्या नावावर केलेले असतात.

ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत यात आणखी एक पेच असतो. सभेतली मंडळी म्हणतात, ‘देवाची इच्छा, आनंद करा.’ व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्रासकट एक वचन येतं. माणूस ‘आमेन’ लिहितो आणि आतून अजूनच एकटा पडतो. कारण त्याला वाईट वाटत असतं, रागही आलेला असतो, आणि आता तो राग म्हणजेच पाप की काय अशी धास्तीही वाटायला लागते.

थोडक्यात उत्तर असं: बायबलच्या दृष्टीने निराश होणं हे पाप नाही. देवाकडे तक्रार करणंही पाप नाही. सावध राहायला सांगितलं आहे ते त्यानंतर येणाऱ्या कडूपणाबद्दल. आणि कडूपणा टाळणं म्हणजे गप्प बसणं, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. सर्वात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर होतो, म्हणून जरा सविस्तर पाहू.

निराशा आणि कडूपणा: फरक काय?

अपेक्षा होती, ती पुरी झाली नाही, त्याचं दुःख म्हणजे निराशा. ती एखाद्या घटनेची असते. कडूपणा त्या घटनेपाशी थांबत नाही. तो पुढच्या सगळ्या घटनांना चव देतो. मैत्रिणीच्या मुलीला नोकरी लागली की ‘ओळख असेल’ असं वाटतं. कुणी मदत केली तर ‘आता हिशोब मागेल’ असं वाटतं. जुनं भांडण सांगताना दहा वर्षांनीही तेच शब्द, तोच आवाज, आणि गोष्टीत आपण नेहमी पूर्ण बरोबर.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात यासाठी मुळाची उपमा आहे. मूळ जमिनीखाली वाढतं, दिसत नाही, आणि उगवून वर येतं तेव्हा त्रास एकट्याला होत नाही, आजूबाजूच्या पुष्कळांना होतो. सासूचा कडूपणा सुनेला, बापाचा मुलाला, पाळकाचा अख्ख्या मंडळीला. ज्यांनी आपलं काही बिघडवलेलं नाही त्यांना तो भोगावा लागतो, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

कडूपणा कसा तयार होतो हे येशूच्या एका प्रसिद्ध दाखल्यात नेमकं दिसतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, पण तिच्यातल्या थोरल्या भावाकडे आपण फारसं पाहत नाही. धाकटा वाट्याची मालमत्ता उडवून परत येतो आणि घरात मेजवानी सुरू होते. शेतावरून दमून आलेला थोरला दाराबाहेरच थांबतो. त्याचं म्हणणं सरळ आहे: इतकी वर्षं मी राबलो, कधी आज्ञा मोडली नाही, आणि माझ्या मित्रांसाठी साधं करडूही मिळालं नाही. तथ्य म्हणून यातला एकही मुद्दा खोटा नाही! पण त्याच्या मनात वर्षानुवर्षं एक वही चालू होती, एका बाजूला ‘मी काय केलं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मला काय मिळालं’. भावाला तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. पुढे तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही.

नियमाने वागणाऱ्या, उपास-प्रार्थना न चुकवणाऱ्या माणसाला कडूपणाचा धोका जास्त असतो, तो या वहीमुळे.

तक्रारीला बायबलमध्ये किती जागा आहे?

बरीच. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ‘कुठवर?’, ‘का?’, ‘तू झोपला आहेस का?’ असे प्रश्न त्यांत देवाला थेट विचारलेले आहेत. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी विश्वासाकडे किंवा स्तुतीकडे वळतात. ८८ वं स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. यिर्मया संदेष्टा देवावर फसवल्याचा आरोप करतो. ‘विलापगीत’ नावाचं अख्खं पुस्तक आहे. ईयोबाच्या गोष्टीत शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर कमी आणि त्याला धार्मिक स्पष्टीकरणं ऐकवणाऱ्या मित्रांवर जास्त. वचनाची इमेज फॉरवर्ड करण्याआधी हा भाग वाचून घ्यायला हरकत नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण नामीचं. दुष्काळामुळे ती बेथलेहेम सोडून मवाबात जाते. तिथे नवरा जातो, मग दोन्ही मुलगे जातात. ती परत येते तेव्हा गावातल्या बायका तिला नावाने हाक मारतात. नामी म्हणजे गोड, रम्य. ती म्हणते, मला त्या नावाने हाक मारू नका, ‘मारा’ म्हणा. मारा म्हणजे कडू. देवानेच माझ्याशी कठोर वागणूक केली, असं ती भर गावात सांगते. कुणी तिला दटावत नाही. रूथच्या पुस्तकाचा लेखकही तिला दोष देत नाही. तिच्यासोबत आलेली सून रूथ प्रवचन देत नाही. शेतात जाऊन सरवा वेचते आणि धान्य घरी आणते. पुढे नामीच्या मांडीवर नातू खेळतो, पण त्याआधीचे सगळे दिवस त्या धान्यावर गेले.

आणि खुद्द येशू? गेथशेमाने बागेत त्याने तीनदा तीच प्रार्थना केली, की हे दुःख टळावं. टळलं नाही. आपलं मागणं मान्य न होण्याचा अनुभव ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी मध्यभागी आहे, तो तिच्या कडेला पडलेला अपवाद नाही.

विलाप आणि कडूपणा यांत फरक दिशेचा आहे. विलाप देवाच्या तोंडावर बोलतो. कडूपणा त्याच्या पाठीमागे बोलतो.

मराठीतलं उदाहरण: लक्ष्मीबाई टिळक

हे सगळं प्रत्यक्ष आयुष्यात कसं दिसतं, ते पाहायला मराठी वाचकाला लांब जावं लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांपैकी एक मानलं जातं. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झालं. शाळेत कधी न गेलेल्या बाईने ते लिहिलं आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. वडिलांना सोवळ्याओवळ्याचा टोकाचा नाद, आणि त्याचा जाच सगळ्या घराला. बाराव्या वर्षाच्या आतच लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळक पुढे ‘रेव्हरंड टिळक’ आणि ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून नावारूपाला आले, पण नवरा म्हणून त्यांच्याबरोबर संसार करणं म्हणजे रोजची परीक्षा होती. एका जागी टिकायचं नाही, हातात पैसे आले की कुणाला तरी देऊन टाकायचे, रागाच्या भरात घर सोडून निघून जायचं. त्यात काही मुलं लहानपणीच गेली.

मग १८९५ आलं. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला होता. तो वाचून, दोन वर्षं घालमेलीत काढून, १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घरातल्या सव्वीस वर्षांच्या बाईसाठी, पदरात लहान मुलगा असताना, याचा अर्थ काय होता हे आज नीट कल्पनेत येत नाही. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी गेलं तर धर्म बुडतो. गेलं नाही तर ना सधवा, ना विधवा. लोकांची बोलणी वेगळीच. लक्ष्मीबाई आजारी पडल्या, नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या.

पुढे त्या टिळकांकडे परत गेल्या, पण आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. टिळकांनी त्यांच्यावर धर्म बदलण्याची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार केला, जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न स्वतःच सोडवला, आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. इथे एक कंस उघडायलाच हवा: ‘बघा, बाईने परत जायला हवं’ असा धडा या गोष्टीतून कुणी काढू नये. त्या परत गेल्या तेव्हा आपल्या विवेकाला मुरड न घालता गेल्या, आणि जिथे पटत नव्हतं तिथे वर्षानुवर्षं ठामपणे वेगळ्या चुलीवर शिजवत राहिल्या.

या सगळ्याचा आणि कडूपणाचा संबंध काय? तो त्यांच्या सांगण्याच्या पद्धतीत आहे. लक्ष्मीबाई काहीही लपवत नाहीत. टिळकांचा संताप, त्यांचं निघून जाणं, घरात पैसा नसणं, आपण केलेली रडारड, सगळं येतं. नवऱ्याला त्या संत करत नाहीत. पण वाचताना आपण हसत असतो. आणि त्या जितक्या टिळकांवर हसतात तितक्याच स्वतःवर, स्वतःच्या भित्रेपणावर, वेंधळेपणावर, सोवळ्याच्या हट्टावरही हसतात. कडू माणसाच्या गोष्टीत एक गुन्हेगार आणि एक बळी, एवढीच पात्रं असतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात गर्दी आहे: विक्षिप्त, प्रेमळ, स्वार्थी, भोळी माणसं, आणि त्या गर्दीत आपणही एक. मला वाटतं, त्यांचं मन आंबलं नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

टिळक १९१९ मध्ये गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं होतं. सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या निर्णयाने त्यांचा संसार एकदा मोडला, त्या निर्णयामागचा येशू त्यांनी नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त ओव्यांमध्ये सांगितला.

राग म्हणजे कडूपणा का? पंडिता रमाबाईंकडे पाहा

लक्ष्मीबाईंचा स्वभाव विनोदी होता. प्रत्येकाचा तसा असत नाही, आणि असायला हवा असंही नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण म्हणूनच महत्त्वाचं. त्या आयुष्यभर तिखट राहिल्या.

रमाबाई सोळा वर्षांच्या असताना, १८७४ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत काही महिन्यांच्या अंतराने आई, वडील आणि थोरली बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. हातात तान्ही मनोरमा. डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते स्वप्न सोडावं लागलं. तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर त्या अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन काढलं, विधवा मुलींच्या शिक्षणासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करत असल्याच्या आरोपावरून वादळ उठलं, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. जवळच्या माणसांनी हात सोडणं हा निराशेचा सगळ्यात झोंबणारा प्रकार.

यात रमाबाईंचं सगळंच बरोबर होतं असं म्हणायचं कारण नाही; त्या वादाला दोन्ही बाजू आहेत आणि इतिहासकार अजून त्यावर लिहितात. आपल्यासाठी मुद्दा असा की १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात लोक मरू लागले तेव्हा रमाबाई सदनातल्या जखमा कुरवाळत बसल्या नाहीत. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळच्या केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई दुष्काळातल्या पोरींना शोधत फिरत होती.

आणि त्यांनी भांडणं सोडली नाहीत. प्लेगच्या काळातल्या सरकारी व्यवस्थेवर त्यांनी वर्तमानपत्रातून उघड टीका केली. इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या गुरूसारख्या, पण त्यांच्याशीही त्यांचे कडाक्याचे पत्रवाद झाले: माझी सदसद्विवेकबुद्धी चर्चच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन का करू, हा त्यांचा मुद्दा. तरी नातं तोडलं नाही. ती पत्रं जेराल्डाइन यांनीच सांभाळून ठेवली, आणि म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल राग येऊच नये असं सांगत नाही. राग आला तरी पाप करू नका, आणि तो घेऊन सूर्य मावळू देऊ नका, असं सांगतो. राग कुणासाठी तरी काही करायला उठवत असेल तर तो अजून जिवंत आहे. नुसताच उगाळला जात असेल तर तो आंबायला लागला आहे.

क्षमा केली म्हणजे हक्क सोडला का?

नाही. आणि ‘मन कडू करू नका’ हा सल्ला ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं तोंड बंद करायला वापरला जात असेल, तर तो सल्ला देणाऱ्याकडे जरा निरखून पाहावं.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातला प्रसंग बघा. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं जातं. मध्यरात्री ते स्तोत्रं गातात. एवढाच भाग रविवारच्या शाळेत शिकवतात. सकाळी अधिकारी निरोप पाठवतात, की सोडलं, गुपचूप जा. पौल नकार देतो. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड मारलं आणि आता चोरून घालवता? त्यांनी स्वतः यावं. अधिकाऱ्यांना यावं लागतं, विनवणी करावी लागते. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर) आणि मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेक मूळची दलित. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला गेला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. वस्ती तीच, वागणूक तीच, आणि दाखला मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयात याबद्दलच्या याचिका २००४ पासून आहेत, आणि केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अनेक ख्रिस्ती संघटना १० ऑगस्ट ‘काळा दिवस’ म्हणून पाळतात. दाखल्याच्या रांगेतून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करणं आणि ‘अर्ज करत राहा, आवाज उठव, पण शेजारच्या बौद्ध मित्राला दाखला मिळाला म्हणून त्याच्याबद्दल मन कडू करू नकोस’ असं सांगणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

क्षमा आणि न्याय बरोबर चालू शकतात, याचं आपल्या देशातलं उदाहरण ग्लॅडिस स्टेन्स यांचं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. खटला मात्र चालला आणि २००३ मध्ये मुख्य आरोपी दोषी ठरला. क्षमा ही त्यांची होती. शिक्षा हे कायद्याचं काम होतं. त्या बारीपद्यात २००४ पर्यंत कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या.

क्षमा आणि विश्वास याही वेगळ्या गोष्टी. योसेफाने विकून टाकणाऱ्या भावांना क्षमा केली, पण ते धान्यासाठी मिसरात आले तेव्हा लगेच ओळख दिली नाही. त्यांना पारखलं, एकांतात जाऊन रडला, आणि ते बदललेत याची खात्री झाल्यावर स्वतःला प्रकट केलं. पैसे बुडवणाऱ्या मेहुण्याला क्षमा करता येते. त्याला पुन्हा पैसे दिलेच पाहिजेत असं नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या बाबतीत आधी सुरक्षित जागा, मग बाकीचं.

मग प्रत्यक्षात सुरुवात कुठून करायची?

आधी जे झालं त्याला नाव द्या. ‘काही नाही, ठीक आहे’ यापेक्षा ‘मला ती बढती हवी होती, ती दुसऱ्याला दिली, मला अपमान वाटला’ हे वाक्य प्रार्थनेत जास्त उपयोगी पडतं. शब्द सापडत नसतील तर १३ वं, ४२ वं किंवा ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते शब्द आधीच कुणीतरी शोधून ठेवलेले आहेत.

माणसाकडून दुखावले असाल तर मत्तयच्या अठराव्या अध्यायातला क्रम व्यावहारिक आहे: आधी त्याला एकट्याला गाठून सांगा, मग एक-दोघांना बरोबर घ्या, मग मंडळीपुढे न्या. आपण बहुतेकदा उलट करतो. आधी स्टेटस, मग फॅमिली ग्रुपवर टोमणा, आणि त्या माणसाला शेवटी तिसऱ्याकडून कळतं. नाव न घेता टाकलेली पोस्ट विशेष वाईट, कारण ज्याला लागायची त्याला लागत नाही आणि बाकीचे दहाजण ‘हे मला तर नाही ना?’ करत बसतात. (जिथे समोरच्यापासून धोका आहे, तिथे एकट्याने गाठण्याचा हा क्रम लागू नाही.)

काही दिवस काही लोकांचं फीड म्यूट करणं हा पळपुटेपणा नाही. गर्भपात झालेल्या बाईला रोज दुसऱ्यांच्या बाळांचे फोटो बघायची सक्ती कुणी केलेली नाही. मात्र म्यूट केलेल्या मैत्रिणीला महिन्याने एक फोन करा, नाहीतर वही परत उघडते.

कुणा एका माणसाजवळ बोला: पाळक, मावशी, प्रार्थनागटातली एखादी कमी बोलणारी बाई. उत्तरं देणारा नको, रूथसारखा सोबत चालणारा हवा. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर तो कडूपणा किंवा अविश्वास समजून नुसती प्रार्थना करत बसू नका. ते नैराश्याचं आजारपण असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येतं.

चर्चनेच निराश केलं तर?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, पण विचारला खूप जातो. पाळकाने पक्षपात केला, मंडळीच्या निवडणुकीत राजकारण झालं, अडचणीच्या वेळी कुणी फिरकलं नाही.

नारायण वामन टिळकांचं इथे पुन्हा नाव घ्यावं लागतं. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीसहून अधिक वर्षं काम केलं. पण परदेशी मिशनरी वरचे आणि देशी सेवक पगारी खालचे ही व्यवस्था त्यांना खुपत होती; येशू मराठी मातीतला, कीर्तन-अभंगातून भेटणारा असावा असं त्यांना वाटे. त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवलं. शेवटी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही चालणार होते. उतारवयात नियमित उत्पन्न सोडणं सोपं नव्हतं, लक्ष्मीबाईंसाठी तर नाहीच.

त्यांनी मिशन सोडलं, मिशनमधली माणसं सोडली नाहीत. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळक वारले. त्यांनी रचलेली भजनं आणि गीतं त्यांनी सोडलेल्या मिशनच्या मंडळ्या आजही रविवारी गातात.